दूरच्या पावसाचं पाणी

पैठणवर आभाळ स्वच्छ निळं असतं आणि नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, वाढत असतो. पाऊस झालेला असतो तिकडे, इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांत. दारणा आणि गंगापूर धरणांतून विसर्ग सुटतो, नांदूर मधमेश्वर ओलांडून गोदावरी गढूळ होऊन खाली येते, आणि मराठवाड्यातली माणसं सकाळी पेपर उघडून आधी आवक बघतात. जायकवाडी 1522 फुटांना भरतं. हा आकडा तिथे घरोघरी पाठ आहे.

आमच्या काशीमिऱ्याहून पैठणला निघालं की घोडबंदरचा रस्ता, उजवीकडे डोंगर, डावीकडे खाडी, मग नाशिक हायवे आणि कसारा घाट. घाट चढताना मला दर वेळी वाटतं, की आपण पावसाची वाटणीच ओलांडतोय. सह्याद्रीच्या अलीकडे पडलेलं पाणी उल्हास नदीतून आमच्या मिरा-भाईंदरच्या नळाला येतं. पलीकडे पडलेलं गोदावरीला मिळून पूर्वेकडे जातं. ढग तेच. आमच्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पैठणकडे कसाबसा सातशेच्या आसपास. येवला मागे पडलं की झाडं विरळ होतात, जमीन सपाट, पिवळसर होत जाते, आणि क्षितिज इतकं लांब सरकतं की मुंबईच्या डोळ्यांना ते सवयीचं व्हायला थोडा वेळ लागतो.

धरणाच्या पायथ्याशी संत ज्ञानेश्वर उद्यान आहे. म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर आखलेलं, सव्वाशे हेक्टरच्या घरात पसरलेलं. मराठवाड्यातल्या कित्येक पिढ्यांची शाळेची पहिली सहल इथेच झाली. रंगीत कारंजी पहिल्यांदा पाहिली ती इथेच. मधल्या काळात त्याची रया गेली, याचं वाईट वाटतं. पण माझं म्हणणं वेगळं आहे. उद्यान भिंतीच्या खालच्या अंगाला आहे. तिथे हिरवळीवर बसलं की समोर दिसते ती धरणाची भिंत, दहा किलोमीटर लांबीची. ज्याच्यासाठी एवढं सगळं उभं राहिलं ते पाणी मात्र पलीकडे, नजरेआड.

ते बघायचं तर फुगवट्याच्या काठाला जावं लागतं. थंडी सरताना जावं. भरलेलं असताना साडेतीनशे चौरस किलोमीटरचा हा विस्तार, पण खोली सरासरी आठ-नऊ मीटरच. कोयनेत जवळपास इतकंच पाणी मावतं, पण डोंगरांच्या कुशीत, याच्या निम्म्याहूनही कमी जागेत. इथे कुशीला डोंगरच नाहीत. पाणी परातीतल्यासारखं पसरलेलं, आणि वरून ऊन. शेतात पोचायच्या आधीच कितीतरी पाणी आभाळात जातं.

काठ रोज सरकतो. ओल्या गाळावर पक्ष्यांच्या तीन बोटांची नक्षी, त्यावर शिंपल्यांचा चुरा, थोडं वर भेगाळलेली माती, आणि त्याच्याही वर गाळपेऱ्याचा कोवळा हरभरा. शेतकऱ्यांचे पाइप उतरत्या पाण्याच्या मागे धावतात. मोटर पुढे न्यायची, पाइपचा आणखी एक तुकडा जोडायचा. थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं ओढून आलेले एक बाबा म्हणाले, ‘‘औंदा पाणी लवकर हटलं.’’ सहज, घरातलं माणूस गावाला गेल्याचं सांगावं तसं. त्यांच्या मागे उथळ पाण्यात रोहित पक्षी मान खाली घालून चालत होते. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंबही हिवाळ्यात इथे उतरतात. 1986 पासून हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे.

18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींनी या धरणाची पायाभरणी केली, 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींनी लोकार्पण. शंकरराव चव्हाणांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. मूळ बेत बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळचा होता; जागा बदलली, नाव तेच राहिलं. आज संभाजीनगर हेच पाणी पितं. दुष्काळी वर्षांत मृत साठ्याला हात घालावा लागतो, आणि वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा हातघाईवर येतात. मला यात मराठवाड्याची बाजू पटते. वर पाऊस पडला म्हणून नदी वरच्यांची होत नाही.

पाणी फार उतरलं की बुडालेल्या गावांचे ओटे, पायऱ्या, देवळांचे दगड उघडे पडतात. पैठण, गंगापूर, नेवासा, शेवगाव या तालुक्यांतल्या माणसांनी काळीभोर जमीन दिली, तेव्हा हा सागर झाला. उद्यान नव्याने सजवायचं असेल तर जरूर सजवावं, कारंजी हवीतच, पोरांना ती आवडतात. पण तिथे एक दगडी भिंत उभारून त्या सगळ्या गावांची नावं तालुकावार कोरावीत, आणि जिथून पाणी दिसेल अशा उंचीवर ती असावी. सहलीला आलेल्या एखाद्या मुलीला त्यात आजीचं माहेर सापडेल.