खुमजुंगच्या कपाटातला यती

भुताखेतांच्या गोष्टी ऐकायच्या त्या रात्री, दिवे गेल्यावर! पण आज मी तुम्हांला भर दुपारी, लख्ख उन्हात यतीच्या गावी नेणार आहे. यती म्हणजे हिममानव. अंगभर केस, माणसासारखा दोन पायांवर चालणारा, बर्फात राहणारा. स्वेटर-कानटोपी घ्या आणि निघा. आई-बाबा आले तरी चालतील.

नेपाळात लुक्ल्याला छोट्या विमानानं उतरायचं. इथली धावपट्टी चक्क चढावर आहे. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी! पुढे गाडी विसरा. झुलते पूल ओलांडत दोन दिवस चाललं की नामचे बाजार. (समोरून ओझ्याची जनावरं आली तर डोंगराच्या बाजूला उभे राहा बरं का, दरीच्या नव्हे.) इथे एक दिवस मुक्काम करायचाच. हवा विरळ असते, घाई केली की डोकं ठणकतं. मग एक दमछाक करणारा चढ, आणि हिरव्या छपरांचं खुमजुंग दिसतं. उंची सुमारे ३,७९० मीटर. आपली कळसूबाई दोनदा एकावर एक ठेवली, तरी गाव वरच राहील!

गावात बौद्ध मठ आहे. तिथल्या पेटीत दक्षिणा टाकली की कुलूपबंद कपाट उघडतं. आत असते तांबूस-काळ्या राठ केसांची, वर निमुळती होत गेलेली टोपी. ही म्हणे यतीच्या डोक्याची कातडी!

यतीचा गाजावाजा झाला १९२१ साली. एव्हरेस्टची वाट शोधायला गेलेल्या इंग्रजांना बर्फात मोठे ठसे दिसले. त्यांचे प्रमुख हॉवर्ड-बरी यांना ते लांडग्याचे वाटले; हमालांनी मात्र वेगळंच नाव सांगितलं. कलकत्त्याच्या एका पत्रकारानं त्या नावाचं चुकीचं भाषांतर केलं आणि ‘भयंकर हिममानव’ जगभर पोचला. १९५१ मध्ये एरिक शिप्टननं मेनलुंग हिमनदीवर एका ठशाचा फोटो काढला. मापासाठी शेजारी बर्फाची कुऱ्हाड ठेवली होती. मग काय, शोधमोहिमांची रीघच लागली.

एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी १९६० साली यतीच्या शोधात इथं आले. त्यांनी ती टोपी तपासायला मागितली. आता सांगा, तुमच्या देवळातली पूज्य वस्तू कुणी परदेशी न्यायला मागितली तर द्याल? गावानं दिली, पण अट घातली : गावचे वडीलधारे खुंजो चुंबी सोबत जातील. आणि खरंच, हे शेर्पा आजोबा टोपीसह शिकागो, पॅरिस, लंडन फिरून आले! निकाल लागला तो असा : ही डोक्याची कातडी नव्हेच. सेरो नावाचा शेळीसारखा डोंगरी प्राणी असतो, त्याचं कातडं साच्यावर ताणून ती बनवलेली. हिलरींच्या माणसांनी तशीच टोपी करूनही पाहिली.

मला विचाराल तर मला यतीपेक्षा खुंजो चुंबीच जास्त आवडतात. आपली गोष्ट कदाचित खोटी ठरेल, हे माहीत असूनही टोपी तपासायला द्यायला धाडस लागतं.

मग ते ठसे कुणाचे? अस्वलाचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर पडला की एकच लांबलचक पाऊल दिसतं. वर ऊन पडून बर्फ वितळला की ते आणखी पसरतं. २०१७ साली शास्त्रज्ञांनी ‘यतीचे’ म्हणून जपलेले केस, हाडं, दात अशा नऊ नमुन्यांची जनुकीय तपासणी केली. आठ निघाले अस्वलांचे, आणि एक... कुत्र्याचा! गंमत म्हणजे शेर्पा यतीचे प्रकार सांगतात, त्यांतला गुरं मारणारा एक प्रकार अस्वलच असावा, असं खुद्द हिमालयात हिंडलेल्यांचंही म्हणणं आहे.

तरी २०१९ साली भारतीय लष्करानं मकालू भागातल्या मोठ्या ठशांचे फोटो प्रसिद्ध केले, तेव्हा पुन्हा घरोघरी यतीचीच चर्चा!

मठातून बाहेर पडलात की समोर खुंबिला शिखर दिसेल. शेर्पांचं ते दैवत, म्हणून त्यावर कुणी चढत नाही. खाली हिलरींनी १९६१ साली उभारलेली शाळा आहे. यती शोधायला आलेल्या माणसाकडून गावाला ती मिळाली. टोपी अजून कपाटातच आहे. निकाल लागल्यावरही गावानं ती टाकली नाही, आणि बघायला येणारेही थांबले नाहीत.