खिशातील लाल कार्ड

फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी वाजते, खेळ थांबतो आणि सहस्रावधी डोळे पंचाच्या हाताकडे लागतात. तो हात खिशाकडे जाणार काय? गेलाच, तर पिवळे कार्ड निघणार की लाल? पिवळे म्हणजे ताकीद. लाल म्हणजे हद्दपारी! त्या खेळाडूने मैदान सोडावयाचे आणि त्याच्या संघाने उरलेला सामना एक गडी कमी घेऊन खेळावयाचा. एवढा मोठा दंड ठरविण्यास पंचाला मिळतात काही क्षण; आणि तेही दोन्ही संघांच्या गलक्यात.

पूर्वी ही कार्डे नव्हती. १९६६ साली विश्वचषकात, लंडनच्या वेम्बली मैदानावर, पंच क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कप्तान रातीन याला बाहेर जाण्यास सांगितले. पंच जर्मन, त्यांना स्पॅनिश येईना आणि कप्तानाला जर्मन कळेना. तो मैदानातच उभा राहिला, खेळ कित्येक मिनिटे अडला. त्या स्पर्धेतील पंचांवर देखरेख करणारे केन अ‍ॅस्टन मोटारीने घरी निघाले असता रस्त्यावरचे रंगीत दिवे पाहून त्यांना युक्ती सुचली. रंगांना दुभाष्या लागत नाही! १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकात कार्डे आली. भाषेचा प्रश्न सुटला. न्यायाचा मात्र होता तेथेच राहिला.

नियमांनी पंचाच्या हाती एक तराजू दिला आहे. चेंडू हिसकावताना खेळाडू केवळ बेसावध राहिला असेल, तर फ्री-किक पुरे, कार्ड नको. समोरच्याला इजा होईल याची पर्वा न करता तो धावून गेला असेल, तर पिवळे. आणि अतिरेकी बळ वापरून त्याने दुसऱ्याचा देह धोक्यात घातला असेल, तर लाल. ‘मला तसे करावयाचे नव्हते’ ही सबब येथे चालत नाही. नियम मनात डोकावत नाही, कृती पाहतो. चेंडू आवाक्यात होता की केव्हाच निघून गेला होता? धावण्याचा वेग किती? पाऊल जमिनीलगत होते, की बुटाचे खिळे समोरच्याच्या नडगीवर रोखलेले होते? पडलेला गडी किती विव्हळतो, हे मात्र माप नव्हे. काही गडी विव्हळण्यातही निष्णात असतात! उलट, एखादा चपळाईने उडी मारून बचावतो. म्हणून त्याच्यावर झालेला घाला सौम्य ठरत नाही.

हा तराजू चुकला म्हणजे काय होते, ते १९८२ साली स्पेनमधील सेव्हिल येथे दिसले. पश्चिम जर्मनी आणि फ्रान्स यांचा उपांत्य सामना चालू होता. नुकताच मैदानात उतरलेला फ्रान्सचा बातिस्तों एकटाच गोलाकडे धावला आणि त्याने चेंडू मारला. जर्मन गोलरक्षक शूमाखर वेगाने पुढे आला, उसळला आणि चेंडू निघून गेल्यावर कमरेनिशी त्याच्या तोंडावर आदळला. बातिस्तों बेशुद्ध पडला. त्याचे दात पडले. त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. पंचांनी कार्ड तर राहोच, फाउलही दिला नाही. गोल-किक तेवढी दिली. शूमाखर गोलात राहिला. सामना बरोबरीत सुटून पेनल्टींवर गेला, तेव्हा त्यानेच दोन अडविल्या आणि जर्मनीने अंतिम फेरी गाठली. आजच्या तराजूत हे कृत्य घातले, तर लाल कार्डावाचून दुसरे काही निघणे शक्य नाही.

२०१८ च्या विश्वचषकापासून तेथे पंचाला मैदानालगतच्या पडद्यावर घटना पुन्हा पाहता येते. तरी तेथेही एक फसगत आहे. चित्र संथ केले की साधी धडकही जाणूनबुजून केलेली भासते आणि भरधाव आघात मऊ वाटू लागतो. म्हणून दंडक असा, की पाय कोठे लागला हे संथ चित्रात पाहावे. किती जोराने लागला, हे मूळ वेगातच.