पसरणाऱ्या कॅन्सरचा माग आणि मोठी जनावरे

कॅन्सरच्या रुग्णाचा जीव बहुधा मूळ गाठ घेत नाही. तिच्यातल्या पेशी फुप्फुसात, यकृतात, हाडात किंवा मेंदूत जाऊन रुजल्या की घात होतो. या फैलावाला मेटास्टॅसिस म्हणतात. पेशीला आधी गाठीतून सुटावे लागते, मग रक्तवाहिनीत किंवा लसिकावाहिनीत शिरून प्रवाहात तगावे लागते आणि शेवटी परक्या अवयवात उतरून वाढावे लागते. बहुतेक पेशी वाटेतच मरतात. १८८९ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या ७३५ शवविच्छेदनांच्या नोंदी चाळल्या आणि बी सगळीकडे पडले तरी मानवेल त्याच मातीत उगवते, असा निष्कर्ष काढला. कोणती माती का मानवते, याचा शोध तेव्हापासून चालू आहे.

हा शोध मुख्यतः उंदरांवर झाला. मुंबईतही परंपरा उंदरांचीच: परळच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात कमल रणदिवे यांनी स्तनाच्या कॅन्सरचा अभ्यास उंदरांच्याच वाणांवर केला. उंदराचे उपकार मोठे आहेत, पण फैलावाच्या बाबतीत तो अपुरा पडतो. शेपटीच्या शिरेतून कॅन्सरच्या पेशी टोचल्या की त्या सरळ फुप्फुसात अडकतात, कारण वाटेत लागणारे पहिले केशिकांचे जाळे तिथलेच असते. गाठीतून सुटण्याचा आणि वाहिनीत शिरण्याचा टप्पा यात गाळलेला असतो. माणसाची गाठ रुजावी म्हणून उंदीर प्रतिकारशक्ती नसलेला घ्यावा लागतो, म्हणजे मातीचा निम्मा गुणच आधी काढून टाकलेला. शिवाय जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम वजनाच्या आणि दोन-तीन वर्षे जगणाऱ्या प्राण्यात गाठीला प्रवास तरी किती करता येणार?

मोठ्या जनावरांत सर्वात जास्त शिकवले ते कुत्र्याने. मोठ्या जातींच्या कुत्र्यांना हाडाचा कॅन्सर, म्हणजे ऑस्टिओसार्कोमा, आपसूक होतो, आणि तो किशोरवयीन मुलांच्या ऑस्टिओसार्कोमाशी फार जुळतो. पहिल्या तपासणीत छातीचा एक्स-रे बहुधा स्वच्छ दिसतो. गाठ असलेला पाय नुसता कापला तर मात्र दहापैकी सुमारे नऊ कुत्री वर्षभरात फुप्फुसातल्या गाठींनी दगावतात. म्हणजे निदानाच्या दिवशीच फैलाव झालेला असतो, फक्त दिसत नसतो. साध्या एक्स-रेवर अर्ध्या सेंटिमीटरहून लहान गाठ सहसा हाती लागत नाही. सीटी स्कॅन त्याहून बारीक पाहतो, पण त्यालाही मर्यादा आहे. ‘छाती स्वच्छ’ या शेऱ्याला किती वजन द्यायचे, हे कळणे हीच या कामातली मोठी कसोटी.

अशा पाय कापलेल्या कुत्र्यांना अमेरिकेत लिपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत, भरलेले एमटीपी हे प्रतिकारशक्ती चेतवणारे औषध दिले गेले. १९८९ मध्ये निष्कर्ष आले: मध्यक आयुष्य ७७ दिवसांवरून २२२ दिवसांवर गेले. हेच औषध मिफामुरटाइड या नावाने २००९ मध्ये युरोपात मुलांसाठी मंजूर झाले. उलटा धडाही तितकाच मोलाचा आहे. उंदरांत आशा दाखवणाऱ्या रॅपामायसिन या औषधाची चाचणी ३२४ कुत्र्यांवर झाली आणि २०२१ मध्ये कळले की नेहमीच्या उपचारात त्याने काही भर पडत नाही. नकार पदरी पडला म्हणून ही चाचणी वाया गेली असे म्हणणाऱ्याला या क्षेत्राचा हेतूच समजलेला नाही.

डुकराचा मार्ग वेगळा. इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या ‘ऑन्कोपिग’मध्ये केरास आणि टीपी-५३ ही बिघडलेली जनुके आधीच घातलेली असतात, हव्या त्या जागी ती जागी केली की गाठ येते. शरीर माणसाच्या मापाचे, त्यामुळे शस्त्रक्रिया आणि स्कॅन माणसाच्याच उपकरणांनी करता येतात. पण अशी गाठ क्वचितच पसरते, आणि फैलाव अभ्यासणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

भारतातली खास गोष्ट बैलाची. शिंगाच्या कॅन्सरचे रुग्ण प्रामुख्याने खच्ची केलेले बैल, कांकरेजसारख्या लांब शिंगांच्या जातींचे. शिंगाच्या आतल्या अस्तरात सुरू होणारा हा स्क्वेमस पेशींचा कॅन्सर. बैल डोके एका अंगाला कलते धरतो, शिंग हलू लागते, नाकपुडीतून रक्त येते. हा कॅन्सर कपाळाच्या पोकळीत घुसतो, जवळच्या लसिकाग्रंथींत जातो. दूर मात्र क्वचितच पोहोचतो. तंबाखू-गुटख्याने होणारा तोंडाचा कॅन्सर याच पेशींचा, आणि तोही आधी मानेतल्या ग्रंथी धरतो. परळच्याच टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१५ मध्ये दाखवले की सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या ग्रंथी गाठ दिसण्याआधीच काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत असतात. वाट पाहिली तर ६७.५ टक्के. टाटापासून जवळच, परळमध्येच, १८८६ पासूनचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्हीकडच्या लसिकाग्रंथींच्या काचपट्ट्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

ठाण्याजवळच्या काल्हेरच्या गोदामांमधून फिरणाऱ्या कुत्र्यांसारख्या भटक्या कुत्र्यांत आणखी विलक्षण रोग आढळतो: समागमातून लागणारी गाठ, सीटीव्हीटी. इथे लागण विषाणूची नसते. कॅन्सरच्या पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात. १८७६ मध्ये रशियात नोविन्स्की यांनी हीच गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली होती. २०१९ च्या जनुकीय अभ्यासानुसार ही पेशीवंशावळ ४००० ते ८५०० वर्षांपूर्वी आशियातल्या एका कुत्र्यात सुरू झाली. जगभर पसरलेली ही गाठ एकाच कुत्र्याच्या शरीरात मात्र दूर क्वचितच जाते, आणि व्हिन्क्रिस्टिन या औषधाच्या काही साप्ताहिक मात्रांनी बहुधा विरघळते. कशेळीचा पूल ओलांडून ठाणेमार्गे उपचारासाठी परळला नेलेले असे कुत्रे पॅजेटच्या प्रश्नाची उलटी बाजू दाखवते: प्रतिकारशक्ती शाबूत असलेली माती बी कसे नाकारते.

असे आपसूक आजारी प्राणी रुग्ण असतात. मालकाची संमती, उपचाराचा खर्च आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनाची परवानगी यांवर सगळे अवलंबून असते. आणि फुप्फुसाचे पातळ काप काढून प्रत्येक गाठ मोजल्याशिवाय फैलावाची नोंद अर्धीच राहते. मुद्दाम रोग घडवण्याच्या प्रयोगांना १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा लागू होतो. उंदरासारख्या लहान प्राण्यांसाठी संस्थेची नैतिक समिती परवानगी देऊ शकते. मोठ्या जनावरांचा प्रस्ताव तिथून पुढे केंद्रीय समितीकडे जातो.