रेशमावर छापलेले पैसे

हॅनोव्हरहून रेल्वेने पश्चिमेला निघाले की तासाभरात बीलेफेल्ड येते. जर्मनीतले हे विणकरांचे शहर. जवसाच्या धाग्याचे कापड, म्हणजे लिनन, इथून दूरदूर जाई. जुन्या वस्तीत विणकराचाच पुतळा उभा आहे. भिवंडी-मालेगावच्या वाचकांना अशा गावाची वेगळी ओळख करून द्यायला नको. आम्ही मात्र आलो होतो ते इथल्या कापडी नोटा पाहायला.

१९१४ साली महायुद्ध सुरू होताच जर्मनीत लोकांनी चांदीची नाणी घरात दडवली. तांबे, निकेल सरकारला लढाईसाठी हवे होते. बाजारात पाव घ्यावा तर मोड मिळेना. मग गावोगावच्या नगरपालिकांनी, कारखान्यांनीसुद्धा, आपापल्या चिठ्ठ्या छापल्या. त्यांना 'नोटगेल्ड' म्हणत, म्हणजे अडचणीचा पैसा. गावाची वेस ओलांडली की त्याला सहसा कोणी विचारीत नसे. चांदीच्या टंचाईपायी आपल्याकडेही १९१७ साली एक रुपयाची नोट निघाली, पण ती सरकारने काढली होती.

बीलेफेल्डच्या बचत बँकेने पुढे रेशमावर, लिननवर, मखमलीवरही नोटा छापल्या. जुन्या नाण्यांच्या एका दुकानात आम्ही त्यातली एक हातात घेतली. रेशमी, कडेने लेस लावलेली! अशी नोट भाजीवाल्याला कोण देईल? बँकेचा हिशेबही तोच होता. शौकिनाने ती विकत घेऊन जपून ठेवली की तिचे पैसे परत द्यायला नकोत. हुशारी खरीच.

त्याच सुमारास महागाई पेटली. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडू लागले. मग नवे चलन आले आणि जुन्या एक लाख कोटी मार्कांचा एक नवा मार्क झाला. ज्यांच्याकडे शेत, घर, दागिना होता ते कसेबसे सावरले. पै पै करून बचत बँकेत ठेवणाऱ्यांची, विधवांची, म्हाताऱ्यांची पुंजी बघता बघता मातीमोल झाली. १९२५ च्या कायद्याने तिचा थोडासा हिस्सा परत मिळाला, एवढेच.

दुकानदाराने रेशमी नोटेची किंमत सांगितली. ती आम्हाला परवडणारी नव्हती. शेजारच्या खोक्यात त्या काळची पासबुके पडली होती. सुबक अक्षरात दर महिन्याची रक्कम मांडलेली. ती हवी तेवढी घ्या, म्हणाला.