तिपेडी वेणी

आमच्या घरी मुलींच्या केसांना आईशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा कायदाच होता. आधी तेल, मग फणी, मग दोन वेण्या. इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या. कॉलेजात गेल्यावर मी स्वतःची वेणी घालायला लागले. एकच, पाठीवर, न बघता. पुढे नोकरी, पाळणाघर, लोकल. कित्येकदा वेणी डब्यात उभ्या उभ्या घातली असेल.

चाळिशी उलटल्यावर ती अर्ध्यातच सुटू लागली. बोटं ठीक होती. दंडच खाली यायचे. मधे थांबायचं, हात मांडीवर टेकवायचे, पुन्हा सुरुवात. दुखत काहीच नव्हतं, आणि हीच पंचाईत होती. दुखणं लोकांना समजतं. हात वर राहत नाही म्हटलं की थकवा, वय, व्हिटॅमिन. पापण्यांवर जांभळट झाक आली, बोटांच्या सांध्यांवर लाल खवले आले. ते साबणाच्या ॲलर्जीत जमा झाले. रक्तात एसजीओटी, एसजीपीटी वाढलेली, म्हणून एका डॉक्टरांनी लिव्हरचं पथ्य लावलं. ही एन्झाइम्स स्नायूंमधूनही रक्तात येतात, हे मला फार उशिरा कळलं. तोवर खाल्लेल्या उकडलेल्या दुधीचा राग अजून गेलेला नाही.

संधिवाताच्या डॉक्टरबाईंनी मात्र फाईल उघडण्याआधी विचारलं, "वेणी कोण घालतं?" मग पाटावरून उठता येतं का, जिना चढताना कठडा धरावा लागतो का. सीपीके हे स्नायूंचं एन्झाइम दोनशेच्या आत हवं, ते हजारांत निघालं. मांडीचा एमआरआय, स्नायूचा तुकडा काढून तपासणी, आणि नाव मिळालं: डर्मॅटोमायोसायटिस. प्रतिकारशक्ती आपल्याच स्नायूंवर आणि कातडीवर उलटते. मोठ्या वयात कधी कधी यामागे कर्करोग लपलेला असतो, म्हणून तोही शोधला. नव्हता. त्या आठवड्याबद्दल आणखी लिहीत नाही.

वैद्यकीला असलेल्या भाचीने हॅरिसनच्या जाडजूड ग्रंथातली पानं आणून दिली. खुर्चीतून उठणं, पायऱ्या चढणं, केस विंचरणं जड जातं, असं तिथे सरळ नोंदवलेलं होतं. माझी तक्रार छापील निघाल्याचा केवढा आनंद झाला! पण उद्या सकाळी केसांचं काय करायचं, हे पुस्तकात नव्हतं. ते नाशिकच्या एका ताईंनी सांगितलं. त्यांना हाच आजार होता. माझ्या फिजिओथेरपिस्टने आधी त्यांना विचारलं आणि मगच नंबर दिला. ताई म्हणाल्या, कोपर टेबलावर टेकव आणि डोकं हाताकडे ने. कट्ट्याशी उंच स्टूल घे. उन्हात छत्री, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. सहानुभूती त्यांनी अजिबात दाखवली नाही. फोन ठेवल्यावर मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

2022 मध्ये अभिनेत्री समांथा रूथ प्रभूने आपल्याला मायोसायटिस असल्याचं जाहीर केलं आणि आमच्या औषधवाल्यालाही नाव पाठ झालं. 2024 मध्ये 'दंगल'मधली सुहानी भटनागर एकोणिसाव्या वर्षी गेली, तेव्हाही तेच नाव छापून आलं. त्या दिवशी नातेवाइकांचे फोन घ्यायला मी नकार दिला. ताईंचा तेवढा घेतला. त्या म्हणाल्या, "तिचं तिच्यापाशी, तुझं तुझ्यापाशी. गोळी घेतलीस का?"

आता वेणी नवरा घालतो. सैल आणि तिरकी. आईने बघितली असती तर सोडून पुन्हा घातली असती.

हल्ली माझाही नंबर कुणाकुणाला दिला जातो. परवा सोलापूरहून एका मुलीचा फोन होता. तिचा पहिला प्रश्न, केस कापून टाकू का? म्हटलं, ते मग बघू. आधी मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर पेनाने वार लिही. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. चेहरा सुजला म्हणून स्टेरॉइड आपल्या मनाने बंद करू नकोस, डॉक्टरांना विचार. आणि घरात उंच स्टूल आहे का, ते बघून ये, मी थांबते.