अर्धायुष्य, चिंचोके आणि लोणारचं वय

किरणोत्सारी पदार्थ शिकवताना अर्धायुष्याची व्याख्या मी बरीच वर्षं फळ्यावर लिहून देत आले. नमुन्यातल्या निम्म्या अणूंचा क्षय व्हायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. मुलं पाठ करायची, मीही खूश. एकदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, अर्धं पहिल्यांदा गेलं, अर्धं दुसऱ्यांदा. मंग दोन अर्धायुष्यात त सगळंच संपलं ना?" निम्म्या वर्गाने माना डोलावल्या. व्याख्या पाठ होती, अर्थ पोचलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी फोडलेले ६४ चिंचोके नेले. डब्यात हलवून जमिनीवर टाकायचे आणि पांढरी बाजू वर आलेले बाजूला काढायचे. ६४ चे ३० उरले, मग १४, मग ८, मग ३. कुठला चिंचोका कधी जाईल हे कुणालाच सांगता येईना, पण दरवेळी उरलेल्यांतले साधारण निम्मे जातात हे सगळ्यांना दिसलं. जितकी अर्धायुष्यं उलटली, तितक्या वेळा २ ने भागायचं. सूत्र मुलांनीच सांगितलं.

मग त्याच मुलीने विचारलं, "आपलं लोणार बावन्न हजार वर्षांचं, हे असंच मोजलं का?" मी म्हटलं, "हो, असंच." खरं तर मला माहीत नव्हतं. प्रत्येक सहलीत मी तो आकडा सांगत आले होते, तो आला कुठून हे कधी पाहिलंच नव्हतं.

घरी येऊन शोधलं. ५२,००० हा आकडा तापदीप्ती पद्धतीचा. दगडात साठलेली ऊर्जा तापवल्यावर प्रकाश होऊन बाहेर पडते, त्यावरून काढलेला. त्यात कुठल्या मूलद्रव्याचं अर्धायुष्य मोजून वय काढत नाहीत. आणि २०११ साली आर्गॉनच्या मोजणीतून वय निघालं ५,७०,००० वर्षं, ४७,००० इकडेतिकडे. म्हणजे माझं "हो"ही चूक आणि आकडाही जुना. दुसऱ्या दिवशी वर्गात तसं सांगितलं. वर्गात क्षणभर शांतता, मग एकजण म्हणाला, "मंग आपणच करून पाहू ना, मॅडम."

आधी कार्बन-१४ घेतला, अर्धायुष्य ५,७३० वर्षं. ५,७०,००० ला ५,७३० ने भागलं तर जवळजवळ १०० अर्धायुष्यं. सजीवाच्या एक ग्रॅम ताज्या कार्बनमध्ये याचे साधारण ६,००० कोटी अणू असतात. निम्मे-निम्मे करत गेलं तर ३६ अर्धायुष्यांत, म्हणजे सुमारे २ लाख वर्षांत, एकही उरत नाही. शिवाय हे घड्याळ एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंचं, आपला दगड काळा बेसॉल्ट. हे घड्याळ बाद.

मग पोटॅशियम-४०, अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं. ५,७०,००० वर्षं म्हणजे त्याचा फक्त ०.०००४५६ भाग. काळ इतका लहान असला की ०.६९३ ने गुणलं की क्षय झालेला हिस्सा मिळतो. उत्तर आलं १ लाखात सुमारे ३२ अणू. त्यांतला दहातला साधारण एकच आर्गॉन होतो, बाकीचे कॅल्शियम. म्हणजे १ लाखात तीन-चार. "एवढेसे मोजतात?" मुलांना खरं वाटेना. मोजतात, उपकरणं तेवढी बारीक आहेत.

पण घड्याळ सुरू केव्हा झालं? बेसॉल्ट तर साडेसहा कोटी वर्षांचा. उल्का आदळली तेव्हा दगड वितळला, आत अडकलेला आर्गॉन निघून गेला, आणि घड्याळ शून्यावर आलं. कुठे थोडा जुना आर्गॉन राहिलाच, तर वय फुगून दिसतं, म्हणून शास्त्रज्ञांना ते तपासावं लागतं.

आता मी सूत्राआधी दोन प्रश्न विचारते. कुठलं घड्याळ? आणि ते सुरू केव्हा झालं? लोणारला गेलो की मुलं वहीत दोन्ही आकडे लिहितात, शेजारी पद्धत लिहितात. आणि मला काही येत नसेल तर "उद्या बघून सांगते" म्हणते. पालकांनीही घरी चिंचोके टाकून पाहावेत, डबा तर लागतो फक्त.