आमच्याकडचे थोडेसे

रत्नागिरीहून साध्या पार्सलने पाठवलेले खोके नागालँडमधील मोकोकचुंगला पोहोचायला आमच्या अनुभवात १८ ते २५ दिवस लागत. दिमापूरपर्यंत रेल्वे, पुढे डोंगरातली वळणे. यात पोस्टाला नावे ठेवण्याचा हेतू नाही, उलट ते पोहोचत असे याचेच आम्हाला दर वेळी नवल वाटे. मात्र त्यामुळे खोक्यात काय घालायचे हा प्रश्न चवीआधी टिकाऊपणाचा होऊन बसे. ओल्या नारळाचा अंश असलेले काही चालत नसे. तेलाचे लोणचे आम्ही एकदाच पाठवले. आमच्याच हलगर्जीपणामुळे बरणीचे झाकण सैल राहिले आणि पलीकडे कुळथाच्या पिठाचा लाडू होऊन पोहोचला. त्यानंतर आंबापोळी, फणसपोळी, आमसुले, तळलेले गरे, मेतकूट, सांडगी मिरची आणि हिंगाची डबी एवढ्यावर आमची यादी स्थिरावली. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यावर पुठ्ठ्याचे खोके, त्यावर मांजरपाटाचे शिवलेले कापड आणि शिवणीवर लाखेचे ठिपके. दाभणाने कापड शिवताना आमच्यापैकी एकाच्या बोटाला हमखास भोक पडे.

या पत्रमैत्रीचा उगम काव्यात्म नाही. आम्ही दोघेही शिक्षक. २००४ साली शाळेत राष्ट्रीय एकात्मतेचा एक उपक्रम निघाला आणि आमच्या सातवीच्या मुलांनी मोकोकचुंगच्या एका शाळेतील मुलांना पत्रे लिहिली. तिकडून उत्तरे आली, मुलांनी दुसरी पत्रे लिहिली, तिसरी लिहिली नाहीत. पत्रे गोळा करून पाठवण्याचे काम ज्यांच्याकडे होते ते आम्ही आणि तिकडच्या एक शिक्षिका मात्र लिहीत राहिलो. त्या आओ नागा. इंग्रजी त्यांचे आमच्याहून बरे. पहिल्याच पत्रात त्यांनी विचारले होते, तुमच्याकडे काय खातात? आम्ही लिहिले, आमच्याकडे तांदूळ, नारळ, कुळीथ, आंबा, फणस, आम्ही शाकाहारी. या वाक्यात दोनदा आलेल्या 'आम्ही'चा अर्थ एकच नाही, हे तेव्हा आमच्या लक्षात आले नाही. मराठी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसांच्या लक्षात यायला हवे होते.

२००६पासून वर्षातून एकदा खोकी जाऊ-येऊ लागली. नियम त्यांनी ठरवला. आत चिठ्ठी ठेवायची नाही. घेणाऱ्याने आधी खावे, काय असेल ते ओळखून कळवावे, मग पाठवणाऱ्याने खुलासा करावा. खेळ आम्हाला आवडला. त्यांच्या पहिल्या खोक्यांतून चिकट तांदूळ आला, वाळवलेला बांबूचा कोंब आला, आणि चुलीवर धुरावलेल्या, सुरकुतलेल्या लाल मिरच्या आल्या. ही नागा मिरची. २००८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. आम्हाला ते ठाऊक नव्हते. आम्ही नेहमीच्या मिरचीच्या हिशेबाने आमटीत दोन टाकल्या. पुढचे वर्णन करीत नाही.

२०११च्या श्रावणात सहावे खोके आले. पोस्टमनने ते हात लांब करून पायरीवर ठेवले आणि म्हणाला, "सर, आत काहीतरी मेलंय बहुतेक."

उघडले तर केळीच्या पानात बांधलेली एक पुरचुंडी, तिच्यात तपकिरी, चिकट, ठेचल्यासारखे काही; आणि कागदात पाच-सहा काळ्याकुट्ट चपट्या वड्या, धुराचा वास येणाऱ्या. पुरचुंडीचा वास मात्र धुराचा नव्हता. तो घरभर झाला. आई तेव्हा ८१ वर्षांच्या होत्या, चातुर्मासात कांदा-लसूणही वर्ज्य असे. त्या पदर नाकाला लावून देवघरात गेल्या आणि आतून म्हणाल्या, "जे काय आहे ते आधी बाहेर न्या. मांस असलं तर मला सांगूसुद्धा नका."

आम्ही ते बाहेर नेले. आमच्यापैकी एकाने जास्वंदीच्या मुळाशी खड्डा खणला, एकाने नियमाप्रमाणे पत्र लिहिले. कोणी काय केले हे सांगत नाही. 'आम्ही' हे सर्वनाम अशा वेळी फार सोयीचे पडते. पत्रातील मजकूर मात्र आम्हा दोघांनाही आजतागायत पाठ आहे. काळ्या वड्या हे बहुधा खारवून धुरावलेले मांस असावे. आम्ही शाकाहारी असलो तरी आपल्या स्नेहाखातर थोडे चाखले. चव अपूर्व होती.

तीन आठवड्यांनी कार्ड आले. खोक्यात मांस नव्हते, असे त्यांनी लिहिले होते. तुम्ही खात नाही हे तुम्ही २००४मध्ये लिहिले होते, ते माझ्या लक्षात आहे. पानातली वस्तू म्हणजे अखुनी. ते सोयाबीन आहे. काळ्या वड्या म्हणजे अनिशी. ती अळूची पाने आहेत. वास तुम्हाला सोसेल की नाही या शंकेने पाच वर्षे पाठवले नव्हते. खाली सही. एरवी सहीच्या वर असणारा मायना नव्हता.

आई देवघराच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "अळू? आपलं अळू?"

तेच अळू. पुढे आम्ही कृती मागवून घेतली, म्हणून सांगता येते. अळूची पाने एकावर एक रचून गुंडाळून काही दिवस ठेवतात, ती पिवळी पडली की वाटतात, वड्या थापतात आणि चुलीवरच्या धुरात वाळवतात. अखुनीचे सोयाबीन उकडून चुलीजवळच्या उबेत तीन-चार दिवस ठेवायचे, थंडीत अधिक. मग ठेचून पानात बांधायचे. आंबवताना कडधान्यातील प्रथिने फुटतात आणि अमोनियासारखा तो वास येतो. म्हणजे त्या खोक्यात आईंच्या चातुर्मासाला बाधेल असे काही बहुधा नव्हतेच. जे बाधले ते वासाने सुचवलेले होते, आणि वासावरून मांस, मांसावरून ती माणसे, असा आमच्या मनाचा प्रवास नाक पदराआड जायच्या आत पुरा झाला होता.

आम्ही क्षमापत्र लिहिले. चार खर्डे फाडले. पाचव्यात खड्डा आणि जास्वंद दोन्ही आले. उत्तर आले नाही. गणपती गेले, दिवाळी गेली, आंब्याला मोहोर आला. दहा महिने आले नाही.

या दहा महिन्यांत आम्ही आमच्या जुन्या यादीकडे पुन्हा पाहिले. सहा वर्षे आम्ही 'कोकणचे खाणे' पाठवीत होतो. आमच्या घरापासून मिरकरवाड्याचे बंदर दूर नाही, वारा फिरला की त्याचा वास आमच्या ओसरीवर येतो. मासळी वगळून कोकणचे खाणे! आंबापोळीचा तुकडा तोंडात टाकून नागालँडमधील एक बाई समुद्रकाठच्या जिल्ह्याची कल्पना करीत होती आणि त्या कल्पनेत मासा नव्हता. तो आम्ही काढून टाकला होता. हिंगाची गोष्ट तर आणखी गमतीची. 'आमच्या स्वयंपाकाचा प्राण' म्हणून आम्ही तो अभिमानाने पाठवीत असू, आणि तो मूळचा इराण-अफगाणिस्तानातल्या झाडाचा चीक.

पुढचे खोके भरायचे तर त्यात सुकी मासळी हवी, असे आम्ही ठरवले. ठरवणे सोपे होते. सोडे कशाला म्हणतात आणि सुकट कशाला, हे पन्नाशी उलटलेल्या, रत्नागिरीत जन्मलेल्या आम्हा दोघांना नीट सांगता येईना. म्हणून शेजारच्या वहिनींकडे गेलो. त्या खारवी समाजाच्या. दोन घरांमध्ये एक गडगा आणि ३० वर्षांचा घरोबा. आमच्याकडून त्यांच्याकडे वाटीभर पुरण, त्यांच्याकडून आमच्याकडे शहाळी. आम्ही विषय काढला तेव्हा त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "बाई, तुमच्या घरात सोडे? काकूंना चालंल?"

"घरात शिजवायचे नाहीत, पाठवायचे आहेत."

"पाठवायचे तरी डबा भरंपर्यंत वास सुटंलच की." मग त्या सहज, तक्रारीचा सूर नसताना म्हणाल्या, "मी बोंबील भाजताना तुमच्या बाजूची खिडकी लावून घेते. लग्न होऊन आले त्या दिवशीच सासूबाईंनी सांगितलं होतं, त्या खिडकीची कडी आधी लावायची, मग तवा ठेवायचा."

३० वर्षे आम्ही समजत होतो की ती खिडकी उन्हासाठी बंद असते.

तिथे बसून काय बोलावे ते आम्हाला सुचले नाही. वहिनींनी विषय पुढे नेला, कारण त्यांच्या दृष्टीने त्यात थांबण्यासारखे काही नव्हते. बाजारातले घेऊ नका, त्यात रेती असते, म्हणाल्या. घरातले सोडे काढले, कोरड्या कढईत परतले, गार होऊ दिले, दोन पिशव्यांत घालून तोंड मेणबत्तीने डकवले. सुकट वेगळी बांधली. पैसे घेतले नाहीत. "तिकडच्या बाईला सांगा, वांग्यात घाल," एवढा निरोप दिला.

२०१२च्या मे महिन्यात ते खोके गेले. नियम मोडून आम्ही आत चिठ्ठी ठेवली: हे आमच्या शेजारच्या घरचे आहे, आम्ही खाल्लेले नाही, त्यामुळे चवीबद्दल काही सांगू शकत नाही.

उत्तर जुलैत आले, सहा पानी. सोडे दोन दिवसांत संपले. वांगी नव्हती, त्यांनी बांबूच्या कोंबात घातले. आणि मग तुमच्यासारखेच मलाही काही सांगायचे आहे, असे म्हणून त्यांनी जे लिहिले होते ते वाचताना आम्हाला त्या दहा महिन्यांनंतर प्रथमच मोकळे हसू आले. आंबापोळी त्यांच्या मुलांना अतिगोड लागते. ती शाळेत वाटली जाते. मेतकूट औषध समजून त्यांनी सासूबाईंना कोमट पाण्यातून दिले होते. आमसुले मात्र उत्तम, डुकराच्या मांसात फार छान लागतात. (हे वाक्य आईंना वाचून दाखवताना आम्ही गाळले.) आणि हिंग? हिंगाची डबी पहिल्याच वर्षी घराबाहेर, लाकडांच्या कोठीत ठेवली होती. तो वास घरात ठेवणे कोणालाही शक्य नव्हते. तरी त्या दर वर्षी लिहीत आल्या होत्या, तुमचा तो सुवासिक मसाला फार आवडला.

पुढे निकोलस खारकोंगर यांचा 'अखुनी' हा चित्रपट आला, २०१९चा. मैत्रिणीच्या लग्नासाठी अखुनी घालून डुकराचे मांस शिजवू पाहणारी ईशान्येकडची मुले दिल्लीत त्या वासापायी दारोदार हाकलली जातात, एवढीच गोष्ट. आम्ही तो घरात बसून पाहिला. हसण्याच्या जागा बऱ्याच होत्या, आम्ही कमी हसलो. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडून येणाऱ्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत बांबूचा कोंब, अखुनी असे वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न होता शिजवावेत असा सल्ला होता, हेही नंतर वाचनात आले. आमच्या शेजारी पुस्तिका छापावी लागली नव्हती. सासूने सुनेला सांगितले की भागते. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५चे पुस्तक आम्ही त्याच सुमारास वाचले. मराठवाड्यातील दलित घरांतले, पाकपुस्तकांत कधी न आलेले खाणे त्यात आहे. वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या आहेत. पुस्तक वाचताना आम्ही मनातल्या मनात महाराष्ट्राचे खोके भरून पाहिले. ते आमच्या बिस्किटांच्या डब्यात मावले नसते.

आईंनी अनिशी अखेर खाल्ली. २०१३च्या खोक्यातून दोन वड्या आल्या होत्या. चातुर्मास संपेपर्यंत त्या पडवीत टांगून ठेवल्या, मग एक फोडून, भिजवून, त्यांनी स्वतःच अळूच्या फदफद्याला लावली तशी चिंच लावून, दाणे-खोबरे घालून शिजवली. चाखून म्हणाल्या, "धुरकट आहे. आमच्या माहेरी चुलीवरचं अळू असंच लागायचं." दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही. अखुनीला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही; तो त्यांचा अधिकार होता. २०१७ साली त्या गेल्या.

अखुनी आम्ही खातो. टोमॅटो, लसूण आणि अर्धी नागा मिरची घालून तिची चटणी होते. पहिल्या घासाला अवघड, तिसऱ्याला नाही. पहिल्यांदा ती परतली तेव्हा गडग्यापलीकडून खिडकी धाडकन लागल्याचा आवाज आला, आणि मागोमाग वहिनींची हाक, "बाई, काय जळलं काय?"

त्यांना वाटीतून दिली. त्यांना आवडली नाही. त्यांची ती खिडकी अजूनही बऱ्याचदा बंदच असते. सवय आहे, म्हणतात. आम्ही उघडी ठेवा म्हणून दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा सांगायला संकोच वाटला. खोक्यात आता दर वर्षी सोडे जातात, आंबापोळी शाळेतल्या मुलांपुरती जाते, मेतकूट बंद केले आहे. हिंगाची ती जुनी डबी मात्र अजून लाकडांच्या कोठीतच आहे, असे गेल्या पत्रात होते. तेव्हापासून कोठीत साप आलेला नाही, म्हणून आणखी एक डबी मागवली आहे.